वळवाच्या ढगांमागे जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात परभणीचा मित्र सुट्टीला लातूरला येणार आहे, अमेरिकेतले व्हिडिओ बघून दोघांनाही वादळी ढगांच्या मागे जायची ओढ लागली आहे. मराठवाड्यात हे जमतं का, दिवस कसा आखायचा, आणि मोटारसायकलवर गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मोटारसायकलवर नाही. एकदाही नाही, जवळच्या जवळही नाही. विजेपासून चारचाकी वाचवते ती तिच्या लोखंडी सांगाड्यामुळे. वीज पडली तर ती बाहेरच्या पत्र्यावरून वाहत जमिनीत जाते आणि आतला माणूस, काचा बंद असतील आणि त्याचा हात पत्र्याला लागलेला नसेल तर, सहसा वाचतो. टायरच्या रबराचा यात काहीही हात नाही. रबर वाचवतं अशी समजूत आपल्याकडे फार आहे आणि तिच्यामुळेच लोक दुचाकीवर निर्धास्त असतात. शिवाय गार डोक्यात बसते, वाऱ्याचा झोत गाडी आडवी करतो. आपल्या देशात वीज पडून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात, आणि त्यांतली बहुतेक शेतात, माळावर, झाडाखाली, म्हणजे उघड्यावरच असतात. तेव्हा चारचाकी मिळेल त्या दिवशीच निघा.

आता बाकीचं. मी लातूरला फोटो स्टुडिओ चालवतो आणि बारा उन्हाळे झाले, एप्रिल-मे लागला की दुपारनंतर शटर अर्धं ओढून ढगांमागे निघतो. बरोबर एक मित्र असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आम्ही एका वर्गातले, पण तो नोकरीला लागल्यापासून मी त्याला मास्तरच म्हणतो. एकट्यानं मी कधी जात नाही. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी आणि आभाळ बघणाऱ्याची आभाळावर. ही दोन कामं एका माणसाला करता येत नाहीत. मास्तर चालवतो, मी बघतो, आणि दोघांपैकी एकजण जरी ‘मागं फिरू’ म्हणाला तरी गाडी वळते. त्यावर चर्चा होत नाही. हा एकच नियम आमच्यात पहिल्यापासून आहे.

तुम्ही बघता ते व्हिडिओ ओक्लाहोमा, कॅन्सस या भागातले. तिथे वसंतात खालचा वारा आणि वरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत प्रचंड फरक असतो. त्यामुळे ढग स्वतःभोवती फिरायला लागतो आणि चार-चार तास जगतो. त्यांच्याकडे सरळ रेघेतले रस्ते आहेत, ढगाच्या बाजूबाजूनं शंभर किलोमीटर जाता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वरचा वारा बहुतेक दिवशी तितका जोराचा नसतो. इथला ढग झपाट्यानं वाढतो, चाळीस-पन्नास मिनिटं कोसळतो आणि आपल्याच पावसानं गार होऊन विझतो. त्याच्या ‘मागे’ धावलात तर पोचेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून आपल्याकडे पाठलागापेक्षा आधीच योग्य जागी जाऊन बसणं जास्त महत्त्वाचं. आणि त्या व्हिडिओंतल्या धाडसाचं मनावर घेऊ नका. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं टॉर्नेडोत, म्हणजे ढगातून जमिनीला टेकलेल्या गरगरत्या वाऱ्याच्या सोंडेत, सापडून गेले. सामारास हे वादळाच्या वाटेवर उपकरणं ठेवून मोजमाप घेणारे, त्या क्षेत्रातले अत्यंत काळजीपूर्वक काम करणारे मानले जात. त्या दिवशी वादळानं दिशा बदलली, ते पसरलं, आणि अंतर पुरलं नाही.

दिवस कसा जातो हे सांगायला मी दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलअखेरचा एक दिवस घेतो. तो फार भारी होता म्हणून नाही. जे शिकायचं ते जवळजवळ सगळं त्या एका दिवसात आलं म्हणून.

सकाळी सहालाच अंगाला चिकटा होता. मार्च-एप्रिलच्या कोरड्या सकाळी लातूरला असं होत नाही. अंग चिकचिकायला लागलं की खालची हवा ओली झाली आहे हे समजायचं. वारा आग्नेयेकडून होता. आपल्याकडे उन्हाळ्यात पश्चिमेचा, वायव्येचा वारा कोरडा आणि तापलेला असतो, तर पूर्व-आग्नेयेचा वारा बंगालच्या उपसागराकडची ओल घेऊन येतो. हे दोन वारे जिथे भेटतात ती रेघ विदर्भ-मराठवाड्यातून कर्नाटकाकडे उतरते. हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात ‘द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. वाचताना ते रुक्ष वाटतं, पण आमचा अर्धा दिवस त्या एका ओळीवर ठरतो. ती रेघ आपल्या पश्चिमेला जवळच असेल तर निघायचं, फार लांब असेल तर दुकान उघडायचं.

मग पहाटे साडेपाचच्या फुग्याचा आलेख. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याहून हवामान खात्याचा फुगा सोडतात. तो वर जाताना प्रत्येक उंचीवरचं तापमान, ओल आणि वारा कळवतो. त्यात मी दोन गोष्टी बघतो. एक, जमिनीलगत ओल किती जाड थरात आहे. दुसरी, त्यावर गरम हवेचं झाकण किती घट्ट आहे. झाकण नसेल तर अकरालाच सगळीकडे किरकोळ ढग फुटतात आणि जोर वाटला जातो. फार घट्ट असेल तर दिवसभर तलखी होते आणि संध्याकाळी आभाळ स्वच्छ. हवं असतं मधलं: झाकण दुपारी तीनपर्यंत टिकावं आणि मग एकदोन जागीच फुटावं. त्या दिवशी तसंच दिसत होतं.

दुपारी एकला माझ्या हातातल्या छोट्या यंत्रावर तापमान 41, दवबिंदू (हवा जेवढी गार झाली की तिच्यातल्या ओलीचे थेंब व्हायला लागतात ते तापमान) 18. इथे एक हिशोब शिकून घ्या, फार कामाचा आहे. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक 125 नं गुणला की ढगाचं बूड जमिनीपासून साधारण किती मीटर उंचावर असेल ते कळतं. 23 गुणिले 125, म्हणजे जवळजवळ 2,900 मीटर. बूड इतकं उंच असलं की पाऊस खाली येता येता अर्धा वाटेतच वाळतो. वाळताना तो हवेला गार करतो, गार हवा जड होते आणि दगडासारखी खाली आदळते. म्हणून एप्रिलच्या वळवात पाऊस कमी आणि वारा-धुरळा जास्त. पत्रे उडतात ते याच दिवसांत. मेअखेरीस, रोहिणी लागताना, दवबिंदू 22-23 वर जातो, बूड खाली येतं आणि वळीव खऱ्या अर्थानं पाण्याचा होतो. गारा मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच जास्त, कारण तेव्हा गोठणबिंदूची पातळी (हवेचं तापमान शून्यावर येतं ती उंची) खाली असते आणि गारेला वितळायला वाट कमी मिळते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

अडीच वाजता मास्तर गाडी घेऊन आला. पाण्याचे दोन मोठे कॅन, ताडपत्री, दोरी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, टाकी पूर्ण भरलेली. वादळ होऊन गेलं की वीज जाते आणि पंप बंद पडतात, म्हणून पेट्रोल आधीच. गच्चीवर जाऊन बघितलं तर पश्चिमेला, बालाघाटाच्या अंगाला, कापसाचे ढीग वर चढायला लागले होते. डोंगराचे उतार आधी तापतात, म्हणून पहिले ढग बहुधा येरमाळा, भूम, पाटोदा या बाजूला फुटतात आणि एप्रिलमध्ये वरच्या पश्चिमी वाऱ्यानं आपल्याकडे सरकतात.

ढगाचं बघायचं काय, तर त्याची कड. कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी घट्ट, ठसठशीत असेल तर तो अजून वाढतोय. कड पिंजल्यासारखी, धूसर झाली की वरचा भाग गोठला, आणि आता पाऊस, गारा, वीज सुरू होणार. मग माथा सपाट होऊन ऐरणीसारखा एका बाजूला पसरतो. ज्या बाजूला ऐरण पसरते त्या बाजूला वरचा वारा वाहतोय आणि ढगही साधारण तिकडेच सरकणार. मोबाइल न उघडता एवढं कळतं.

मोबाइल आम्ही बघतोच. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तर बघायलाच हवं. आपल्या आसपास नुकत्याच कुठे विजा पडल्या हे ते दाखवतं. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशाराही बघतो. पण रडारवर फार विसंबू नका. लातूरहून हैदराबादचं रडार सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर. त्याचा किरण किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावर तो जवळजवळ पाच किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचं पोट, जिथे वारा आणि धुरळा तयार होतो, ते त्याला दिसतच नाही. उपग्रहाचं चित्र हाताशी येईस्तोवर शिळं झालेलं असतं, आणि इथला ढग अर्ध्या तासात वयात येतो. आपल्या भागात डोळ्यांनाच जास्त मान द्यावा लागतो.

मुरूडच्या पुढे, ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टेकाड आहे. तिथून पश्चिम आणि उत्तर दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. आम्ही पावणेचारला तिथे पोचलो. गाडी डांबराला लागून मुरमावर उभी केली, तोंड परतीच्या दिशेला. शेतातल्या पाणंदीत गाडी घालायची नाही. पहिल्या वर्षी मी ती चूक केली होती. चांगली चौकट मिळेल म्हणून दोनशे मीटर आत गेलो आणि दहा मिनिटांच्या पावसात काळ्या मातीनं चाकं धरली. चारी बाजूंना वीज पडत असताना आम्ही दोघं तासभर त्या गाडीत बसून होतो. माती वाळल्यावर ट्रॅक्टरनं ओढून काढली. आपली काळी माती ओली झाली की सोडत नाही. डांबर सोडू नका.

ढग येरमाळा-कळंबच्या डोक्यावर होता, आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. उन्हात त्याचा माथा इतका पांढरा होता की डोळे मिटावे लागत, आणि खालचं पोट शिसवी. त्या पोटातून पावसाचे करडे पडदे सुटलेले, आणि अर्ध्यावर येऊन हवेतच विरत होते. आवाज नाही. इतक्या अंतरावर गडगडाट ऐकू येत नाही. पंधरा किलोमीटरच्या आत आला की येतो. मला या विद्येतलं सगळ्यात आवडणारं काही असेल तर हे, की एवढा मोठा प्रपंच डोळ्यांसमोर चाललेला असतो आणि इकडे टिटवीचा आवाज सोडला तर शांतता असते.

आम्ही दक्षिणेच्या बाजूला थांबलो होतो. ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे आमच्या उत्तरेनं जाणार होता. नेहमी असंच थांबा: त्याच्या वाटेवर नाही, वाटेच्या बाजूला, आणि शक्यतो दक्षिणेला. ऐरण वरच्या वाऱ्यानं ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे जाते, त्यामुळे दक्षिणेकडून बूड उघडं दिसतं. कमीत कमी दहा-बारा किलोमीटर अंतर ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की कॅमेरा, तिपाई सोडून गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

साडेचारपर्यंत वारा तोंडावर आग्नेयेकडून होता, गरम आणि ओला, थेट ढगाच्या दिशेनं जाणारा. तो ढगाचा श्वास. तो चालू आहे तोवर ढग जिवंत. चार पन्नासला तो थांबला. पूर्ण थांबला. बाभळीचं पान हलेना. मास्तर म्हणाला, “पडला रे वारा.” मी वायव्येला बघत होतो. क्षितिजावर तांबूस भिंत उभी राहिली होती, बुटकी आणि रुंद. कळंबवर आदळलेली गार हवा जमिनीवरून पसरत, शेतांचा फुफाटा उचलत येत होती.

ती पोचली तेव्हा यंत्रावर 40.5 होतं. आधी कानात हलका दाब, मग पाचोळा, मग एकदम झोत. आणि त्या झोतात गारवा. आठ मिनिटांत आकडा 27 वर आला. अंगावर काटा येतो, दरवेळी येतो. धुरळ्यामागून ओल्या मातीचा वास आला. आमच्याकडे थेंबही नव्हता. कळंबकडच्या रानातला पाऊस वास होऊन आला होता.

समोरचा ढग आता मरत होता. पोट फाटलं, बूड विस्कटलं. नवशिका माणूस इथे म्हणतो, संपलं, चला घरी. आणि इथेच माणूस सापडतो. मी तिपाई आवरत होतो आणि मास्तर फक्त एवढंच म्हणाला, “मागं बघ.”

आमच्या पाठीमागे, आग्नेयेला औशाच्या अंगावर, पाऊण तासापूर्वी जिथे निळं आभाळ होतं तिथे नवा मनोरा उभा होता. कड घट्ट, माथा अजून पसरलेला नाही, वाढ डोळ्यांना दिसेल इतकी झपाट्याची. आमच्यावरून गेलेली ती गार हवा पुढे जाऊन गरम, ओल्या हवेखाली पाचरीसारखी घुसली होती आणि तिनं ती वर ढकलली होती. मराठवाड्यात ढग असेच वंश वाढवतात. एक मरतो, त्याचा वारा पंधरा-वीस किलोमीटर पुढे जातो आणि तिथे दुसरा जन्मतो. तुम्हाला या सगळ्या उत्तरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: जो ढग तुम्ही बघत आहात त्याच्यापेक्षा, त्याचा वारा जिकडे गेला तिकडचं आभाळ जास्त बघा. पहिल्या ढगापासून आपण अंतर राखलेलं असतं. दुसरा आपल्या जवळ, कधी डोक्यावरच, तयार होतो आणि त्याची पहिली वीज इशारा देत नाही.

आम्ही गाडीत बसायला निघालो तेव्हा खालच्या वावरातून पाच बाया धावत वर आल्या. कांदा काढायला आल्या होत्या. रस्त्याच्या कडेला मोठी चिंच होती आणि त्या सगळ्या तिच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या, डोक्यावर रिकाम्या गोण्या घेऊन. मी पळत गेलो.

“मावशी, झाडाखाली नका थांबू. वीज पडायलीय.”

“झाडाखाली न्हाई तर कुठं थांबावं, बापू? माळावर?”

बरोबर विचारलं तिनं. झाडाखाली थांबू नका असं सांगणं सोपं आहे, आणि आजूबाजूला दोन किलोमीटरवर एक पक्कं घर नसतं. त्यांना न्यायला आलेली पिकअप शंभर पावलांवर उभी होती. तीन बाया तिच्या केबिनमध्ये चालकाशेजारी दाटीनं बसल्या. मागचा उघडा हौदा उपयोगाचा नाही, केबिनच हवी, हे चालकाला समजावून सांगावं लागलं. दोघी आमच्या मागच्या सीटवर आल्या. काचा वर केल्या, मोबाइलची चार्जिंगची वायर काढून ठेवली, हात मांडीवर.

पहिली वीज औशाच्या बाजूला पडली. मी मोठ्यानं मोजलं. बावीस. म्हणजे सात किलोमीटर. मग अठरा. मागे बसलेल्या म्हाताऱ्या मावशी मी काय मोजतोय ते ऐकत होत्या. तिसऱ्या वेळी त्याही माझ्याबरोबर मोजायला लागल्या. सोळावर गडगडाट आला तेव्हा म्हणाल्या, “गेल्या साली आमची दोन शेरडं अशीच गेली. लिंबाखाली बांधली होती. त्यायला का ठावं.” नंतर कुणी काही बोललं नाही. वीस, पंचवीस, बत्तीस. ढग पूर्वेला सरकत होता.

त्या अर्ध्या तासात ढग त्याच्या सर्वात देखण्या रूपात होता आणि माझा कॅमेरा डिकीत होता. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तुमच्यावर ही वेळ येईलच, म्हणून आधीच ठरवून ठेवा: मागची सीट रिकामी ठेवायची. सामान डिकीत. आणि गाडी सापडलीच नाही अशा माणसाला सांगायचं की झाडापासून, खांबापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं झोपू नका, एकमेकांना धरू नका. तो शेवटचा उपाय आहे, चांगला उपाय नाही, हेही सांगायचं.

सव्वासहाला मोकळं झालं. बाया पिकअपमधून गेल्या. जाताना मावशींनी माझ्या हातात चार कांदे ठेवले, नको म्हणायची सोय नव्हती.

ढग आता लातूरच्या डोक्यावर आणि आम्ही त्याच्या पाठीशी. मावळतीचं ऊन थेट त्याच्या पाठीवर पडलं. ऐरणीच्या खालच्या अंगाला पिशव्या लोंबल्यासारखे गोळे उतरले होते, शेकड्यानं, आधी पिवळे, मग केशरी, मग जांभळे. हे वीसेक मिनिटंच टिकतं. वादळाचं सगळ्यात सुंदर आणि त्यातल्या त्यात सुरक्षित दर्शन हे असं, ते निघून जाताना, पाठीमागून मिळतं. फोटो मी इथे काढतो. अंधार पडल्यावर तिपाईवर कॅमेरा, आयएसओ 100, छिद्र (ॲपर्चर) एफ/8, पंधरा-वीस सेकंदांचा शटर, आणि एकामागून एक चालू ठेवायचं. वीज आपोआप सापडते. तिसेक किलोमीटरवरची वीज चांगली येते. जवळच्या विजेसाठी जीव टांगायची गरज नाही. ऐरण डोक्यावर असेल तर मात्र हेही गाडीतून काच लावूनच. ढगाच्या गाभ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, पाऊस नसलेल्या जागीही ऐरणीतून वीज पडते, आणि ती नेहमीच्या विजेपेक्षा जास्त ताकदीची असते.

परतताना मास्तरनं गाडी चाळीसच्या वर नेली नाही. लिंबाच्या फांद्या रस्त्यावर, एका ठिकाणी तार लोंबलेली. तिथे उतरलो नाही, वळसा घातला. मुरूड आणि लातूरच्या मध्ये एका आमराईपाशी रस्त्याच्या चारीत पांढरे ढीग दिसले. गारा. पाऊण-एक तास होऊन गेला होता तरी विरघळल्या नव्हत्या. बहुतेक बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. मी एक मोठी निवडली, चाकू गाडीच्या बॉनेटवर जरा तापवला आणि मधोमध कापली. टॉर्च मागून धरला. मधे दुधी डोळा, त्याभोवती काचेसारखं नितळ कडं, मग पुन्हा दुधी, पुन्हा नितळ. चार कडी मोजली. दुधी कडं म्हणजे पाणी झटकन गोठलं आणि हवेचे बुडबुडे आत अडकले. नितळ म्हणजे भरपूर पाण्यात सावकाश गोठली. ढगाच्या पोटात तिनं केलेला प्रवास हातात धरून वाचता येतो. मास्तर दरवर्षी अशी एक गार थर्मासमध्ये घालून शाळेत नेतो. पोरं ती हातात घ्यायला रांग लावतात.

आमराईत टॉर्च हलत होता. बागमालक, त्यांची बायको आणि दोन मुलं पडलेल्या कैऱ्या गोळा करत होते. केशरची झाडं, पंधरा-वीस दिवसांत उतरवायची होती. मी टॉर्चच्या उजेडात एक कैरी बघितली. गार लागली होती तिथे आत्ता फक्त ओलसर डाग होता. तो चार दिवसांत काळा पडतो आणि फळ सडतं, म्हणजे झाडावर राहिलेलीही वाचली असं म्हणता येत नाही. आम्ही कॅमेरा गाडीतच ठेवला. परवानगीशिवाय कुणाच्या नुकसानीचा फोटो आम्ही काढत नाही, आणि त्या रात्री परवानगी मागावीशीही वाटली नाही. दोन तास चौघांबरोबर वेचत बसलो. बत्तीस कॅरेट भरले. ते म्हणाले, लोणच्यावाल्याला जातील, भाव काय मिळायचा तो मिळेल. सकाळी पंचनाम्याला लागेल म्हणून त्यांनी सांगितलं तेव्हा गारांचे आणि झाडांचे फोटो काढून दिले, गारेशेजारी मोजपट्टी ठेवून. ती मोजपट्टी सामानात ठेवाच.

घरी पोचल्यावर वहीत लिहिलं: वारा थांबला 4.50, झोत 4.58, तापमान 40.5 वरून 27, नवा ढग आग्नेयेला, गारा सर्वांत मोठी 4 सेंटिमीटर. बारा वर्षांच्या अशा वह्या आहेत माझ्याकडे. त्यांत निम्म्याहून जास्त पानांवर ‘काही नाही, झाकण फुटलं नाही’ एवढंच आहे. चाळीस डिग्रीत पाच तास टेकाडावर बसून कोरडे परत यायचे दिवस जास्त असतात, मित्राला हे आधीच सांगून ठेवा.

मे सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोपर्यंत रोज दुपारी तीन ते सहा गच्चीवरून पश्चिम बघा. ढगाची कड कधी पिंजते, वारा कधी थांबतो, कुठून फिरतो, हे वेळेसकट लिहा. पहिली वीज दिसली की खाली उतरा. वीसेक दिवस असं केलंत की पहिल्या दिवशी कुठल्या रस्त्याला जायचं हे तुमचं तुम्हाला कळेल. मित्र आला की पहिल्यांदा मुरूडच्या त्याच टेकाडावर जा, गाडीचं तोंड लातूरकडे करून.